‘अंडरटेक’वर सही करण्यापूर्वी

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. परराज्यातल्या खरेदीदाराने ऑर्डरसोबत हमीपत्राचा मसुदा पाठवलाय. त्यात ‘वुई अंडरटेक टू डिलिव्हर’ असं आहे. ‘प्रयत्न करू’ असा अर्थ धरून सही केली तर चालेल का?

उत्तर : नाही, तसा अर्थ धरून सही करू नका. ‘अंडरटेक’नंतर ‘टू’ आणि क्रियापद आलं की अर्थ एकच : हे करण्याची हमी आम्ही देतो. पुढे नुसतं नाम असेल, जसं ‘अंडरटेक अ सर्व्हे’, तर अर्थ होतो काम हाती घेणं. तुमच्या मसुद्यात पहिला प्रकार आहे.

शब्द बदलायला खरेदीदार बहुधा तयार होणार नाही, पण त्याच्या पुढचा मजकूर बदलून घेता येतो. ‘डिलिव्हर’चा अर्थ तो ‘माल आमच्या गोदामात पोहोचला’ असा लावू शकतो आणि मग वाटेतला उशीरही तुमच्याच माथी. म्हणून ‘डिस्पॅच फ्रॉम सोलापूर’ लिहा. दुसरं म्हणजे मुदत कधीपासून मोजायची ते. नुसतं ‘विदिन ३० डेज’ लिहिलं तर ऑर्डरच्या तारखेपासून दिवस धरले जातात. तिकडे शेड (रंगछटा) मंजूर होत नाही, इकडे डायिंग (रंगाई) अडून बसतं, आणि मुदत मात्र सरत राहते. टॉवेलच्या धंद्यात वाद होतो तो बहुतेक इथेच. त्यावर हे वाक्य घाला : ‘विदिन ३० डेज फ्रॉम रिसीट ऑफ अ‍ॅडव्हान्स ऑर शेड अप्रूव्हल, विचेव्हर इज लेटर.’ डझन, साइज, जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आणि वजनात किती टक्के कमी-जास्त चालेल, हेही आकड्यांतच हवं.

ई-मेलला उत्तर देताना तारखेची खात्री नसेल तर ‘वुई एक्स्पेक्ट टू डिस्पॅच’ लिहा. तो अंदाज ठरतो. तिथे सवयीने ‘अंडरटेक’ नको, कारण ई-मेलवर झालेला करारही माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १०अ प्रमाणे ग्राह्य असतो. करार मोडला तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ खाली भरपाई मागता येते. मसुद्यात दंडाची रक्कम असेल तर कलम ७४ प्रमाणे ती कमाल मर्यादा असते. न्यायालय तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई देतं. तरीही फुगवलेला आकडा सहीआधीच कमी करून घ्या.

व्याकरणाचं थोडक्यात : भूतकाळ ‘अंडरटुक’, तिसरं रूप ‘अंडरटेकन’. ‘अंडरटेक सप्लाइंग’ चुकीचं, ‘अंडरटेक टू सप्लाय’ बरोबर.

प्रश्न : अ‍ॅफिडेव्हिट आणि अंडरटेकिंग एकच का?

उत्तर : नाही. अ‍ॅफिडेव्हिटमध्ये तुम्ही वस्तुस्थिती शपथेवर सांगता, अंडरटेकिंगमध्ये पुढे काय कराल किंवा करणार नाही याची हमी देता. बऱ्याचदा एकाच कागदावर दोन्ही असतात, तेव्हा प्रत्येक कलम वेगळं वाचा. न्यायालयाला दिलेली अंडरटेकिंग सर्वांत जड. ती जाणूनबुजून मोडणं हा न्यायालय अवमान कायदा, १९७१ प्रमाणे दिवाणी अवमान आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद होऊ शकते.

प्रश्न : बांधकामाची कामं घेतो. व्हिजिटिंग कार्डवर ‘अंडरटेकर’ छापू का?

उत्तर : छापू नका. इंग्रजीत अंडरटेकर म्हणजे अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारा. ‘काँट्रॅक्टर’ छापा.