इम्युनॉलॉजीतून थेट मेंदूतल्या दाहावरच्या संशोधनाकडे वळावं का?

तुमचा प्रश्न: इम्युनॉलॉजीत एम.एस्सी. होत आलंय, मेंदूचा अभ्यास जवळपास शून्य, तरी न्यूरोइन्फ्लमेशनमध्ये पीएचडी घ्यावी का, आणि रोजचं काम कसं असतं?

खुशाल घ्या. मी टी पेशींवर (रोगप्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पेशी) पीएचडी केली आणि पोस्टडॉकला मेंदूकडे वळले. इम्युनॉलॉजी पक्की असलेला माणूस मेंदू शिकून घेतो. उलटं करणाऱ्यांची जास्त दमछाक होते, असं मला तरी दिसलंय.

आम्ही शिकलो तेव्हा मेंदू म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला मज्जाव असलेला प्रदेश, असं सरळ लिहिलेलं असे. त्याचा आधार शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांचा 1948 चा सशांवरचा प्रयोग: परक्या सशाची कातडी मेंदूत रुजवली तर ती टिकते. पण त्याच प्रयोगात, आधी अंगावर तशी कातडी लावलेल्या सशाच्या मेंदूतलं कलम मात्र नाकारलं गेलं होतं. हा अर्धा भाग पुढे सगळे सोयीस्करपणे विसरले. 2015 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी उंदराच्या मेंदूच्या आवरणात लसीकावाहिन्या (रोगप्रतिकारक पेशी वाहून नेणाऱ्या लिम्फ वाहिन्या) दाखवल्या, तेव्हा कुठे जुनी वाक्यं पुसली जाऊ लागली. गंमत म्हणजे इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ मास्कान्यी यांनी अशा वाहिन्यांचं वर्णन अठराव्या शतकातच केलं होतं.

आता रोजचं काम. समजा मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी, वेगळ्या करायच्यात. आधी उंदराच्या हृदयातून थंड सलाइन सोडायचं, यकृत फिकं पडेपर्यंत. इथे घाई केली की रक्तातल्या पेशी मेंदूच्या म्हणून मोजल्या जातात. मग मेंदू बारीक करून परकॉलवर (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारं द्रावण) चढवायचा. सेंट्रिफ्यूजमधून काढलं की वर मायलिनचा (चेतातंतूंवरचं स्निग्ध वेष्टण) पांढरा, चिकट थर दिसतो. तो अलगद ओढून घ्यायचा आणि खालच्या दोन थरांच्या सीमेवरची पुसटशी कडा उचलायची. तुमच्या पेशी तिथे असतात. त्यातही मेख अशी, की 37 अंशांवर एन्झाइम घालून पेशी सुट्या केल्या तर त्या प्रक्रियेनेच मायक्रोग्लिया चाळवतात आणि त्यांची दाहाची जनुकं जागी होतात. मग तुम्ही मोजता तो आजार की तुमचाच प्रोटोकॉल? निम्मं करिअर या एका शंकेत जातं, आणि ते योग्यच आहे. (आणि हो, ईएई मॉडेल घेतलंत, म्हणजे उंदरात मल्टिपल स्क्लेरोसिससारखा, प्रतिकारशक्तीच मायलिनवर हल्ला करते असा आजार मुद्दाम घडवलात, तर रविवार विसरा. आजार घडवणारं इंजेक्शन दिल्यावर साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी उंदराची शेपटी लुळी पडते, मग मागचे पाय. वजन आणि लुळेपणाचा स्कोअर रोज लिहावाच लागतो.)

उंदरावर किती विसंबायचं, हा माझ्या मते या क्षेत्रातला खरा प्रश्न. टीएनएफ (दाह वाढवणारं एक प्रथिन) अडवला की ईएईचे उंदीर सुधारतात. तेच मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवर टीएनएफ अडवणारं लेनरसेप्ट हे औषध देऊन पाहिलं तर आजार उलट जास्त उसळला. तो अहवाल 1999 मध्ये आला. बी पेशींचं (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या वंशातल्या) नेमकं उलटं झालं. मायलिनमधल्या प्रथिनाचा छोटा तुकडा (पेप्टाइड) टोचून केलेल्या नेहमीच्या ईएई मॉडेलला त्यांची फारशी गरजच पडत नाही, म्हणून वर्षानुवर्षं सगळा भर टी पेशींवर. पण रुग्णांमध्ये बी पेशी काढून टाकणारं ऑक्रेलिझुमॅब इतकं लागू पडलं की 2017 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. या दोन गोष्टींनी मला जे शिकवलं ते कुठल्याही कोर्सने शिकवलं नाही.

म्हणून लॅब निवडताना गाईडच्या पेपरांची यादी नंतर बघा. आधी विचारा, एखाद्या न्यूरॉलॉजिस्टशी त्यांचं काम चालतं का, आणि रुग्णांच्या पाठीतल्या पाण्याचे नमुने मिळतात का. फ्लो सायटोमीटर (पेशी ओळखून मोजणारं यंत्र) स्वतः चालवू देतात की टेक्निशियनकडे ट्यूब देऊन परत यायचं, हेही विचारा. पहिल्या वर्षातच आर (R) ही डेटा विश्लेषणाची प्रोग्रामिंग भाषा शिकून घ्या. सिंगल सेलचा, म्हणजे एकेका पेशीतल्या जनुकांचा, डेटा दुसऱ्याच्या भरवशावर राहिला की महिनोन्‌महिने पडून राहतो. मेंदूची शरीररचना? ती काप करता करता येते.