स्थलांतरित मुलांच्या वर्गावर रुजू होणाऱ्या शिक्षिकेस

बाई, गोव्यातल्या वास्को, झुआरीनगर परिसरात तुमच्यासमोर बसणाऱ्या अनेक मुलांच्या घरी कन्नड, लमाणी किंवा हिंदी बोलली जाते, त्यामुळे एखादे मूल पहिले काही महिने गप्प राहिले तरी ते मंद आहे असा निष्कर्ष कृपया काढू नका. नवी भाषा कानावर पडून तोंडात यायला वेळ लागतो; त्या काळात शिक्षक ज्याला प्रश्नच विचारत नाहीत किंवा ज्याच्या उत्तरासाठी क्षणभरही थांबत नाहीत, त्या मुलाला आपल्याकडून कोणाची काहीच अपेक्षा नाही हे फार लवकर कळते आणि ते प्रयत्न सोडून देते. त्याला फळ्यावर गणित सोडवू द्या, कारण तिथे भाषेची अडचण कमी असते. त्याच्या उच्चारावर वर्ग हसला, तर तिथल्या तिथे थांबवा.

वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. त्याच कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते, आणि सर्वांदेखत वारंवार ‘तुला जमणार नाही’ म्हणणे हा माझ्या मते छळच आहे.

पालक सभेला येत नाहीत, अशी तक्रार तुम्ही स्टाफरूममध्ये ऐकाल. रोजंदारी बुडवणे त्यांना परवडत नाही; त्यांना संध्याकाळची वेळ द्या.