खाओ सोकच्या तलावावर तरंगत्या खोलीत दोन रात्री राहिलं तर कंटाळा येईल का?

तुम्ही विचारलंय की आई-बाबा आणि नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन दक्षिण थायलंडमधल्या खाओ सोक राष्ट्रीय उद्यानातल्या चिओ लान तलावावर, पाण्यावर तरंगणाऱ्या खोल्यांमध्ये दोन रात्री राहायचा विचार आहे, तर तिथे करण्यासारखं काय आहे आणि कंटाळा तर येणार नाही ना.

करण्यासारखं फारसं काही नाही. जरूर जा.

मात्र तुमच्या गोतावळ्यात ‘आता पुढे काय?’ असं दर तासाला विचारणारा कुणी असेल तर त्याला फुकेतच्या किनाऱ्यावर सोडून मग पुढे निघा. हे मी गमतीने लिहीत नाहीये. या एका तलावावरून आमच्या घरात आजही वाद आहे. दर दिवाळीत फराळाची ताटं समोर आली की तो निघतोच. त्यामुळे तुमचा ‘कंटाळा’ हा शब्द वाचला आणि राहवलं नाही.

आम्ही मे महिन्यात गेलो होतो, मुलांच्या सुट्ट्या तेव्हाच असतात म्हणून. मी, नवरा, सासू-सासरे, मोठे दीर, जाऊबाई आणि पुतण्या. आखणी सगळी भावोजींची. त्यांची आखणी म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक: पोचल्या पोचल्या कयाक, संध्याकाळी बोटीतून सफारी, पहाटे पुन्हा सफारी, नाश्ता झाला की नाम तालू गुहा, तिथून आल्यावर प्रवाळ गुहा. यातली नाम तालू म्हणजे त्यांचा जीव की प्राण. गुहेतून ओढा वाहतो आणि काही ठिकाणी छातीइतक्या पाण्यातून, थोडं पोहत पलीकडे जावं लागतं. त्याचे व्हिडिओ त्यांनी आम्हाला महिनाभर आधीपासून पाठवले होते.

धक्क्यावरून लाँगटेल बोटीने, म्हणजे मागे लांब दांड्याचं इंजिन लावलेल्या होडीने, सुमारे तासभर आत जावं लागतं. त्या बोटीचं इंजिन इतकं कर्कश असतं की बोलणं अशक्य. दोन्ही बाजूंना पाण्यातून सरळ वर आलेले चुनखडीचे कडे, त्यावर जिथे जागा मिळेल तिथे झाडं. सगळे वर बघत होते. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ते मात्र खाली पाण्यात बघत होते. पाण्याबाहेर जागोजागी वाळक्या झाडांचे शेंडे आलेले दिसतात, पानं नसलेले, राखाडी. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. इंजिन बंद झाल्यावर ते पहिलं वाक्य बोलले: “हे बुडीत आहे.”

खरंच होतं. माहितीपत्रकात ‘प्राचीन वर्षावनातला तलाव’ छापलेलं असतं. वन प्राचीन आहे, तलाव नाही. ख्लोंग सेंग नदीवर रत्चप्रपा धरण बांधलं, उंची ९४ मीटर, १९८७ मध्ये पुरं झालं, आणि त्याच्यामागे दीडशे चौरस किलोमीटरहून जास्त दरी पाण्याखाली गेली. गावं उठवली. टेकड्यांची बेटं झाली, शंभराहून जास्त. आपण ज्याचे फोटो काढतो ती बेटं म्हणजे बुडालेल्या डोंगरांचे माथे.

संध्याकाळी आमच्या वाटाड्याला अण्णांनी नेमकं तेच विचारलं: पाणी चढलं तेव्हा जनावरांचं काय झालं? त्याला बरं इंग्रजी येत होतं. त्याने स्यूब नाखासथियन यांच्याबद्दल सांगितलं. पाणी चढत असताना बेटांवर अडकलेली जनावरं सोडवायचं काम या वनाधिकाऱ्याकडे होतं. बोटी घेऊन त्यांच्या लोकांनी हजारावर प्राणी पकडून बाहेर काढले, पण त्यातले बरेच पुढे जगले नाहीत. त्यानंतर नाम चोन इथे होऊ घातलेल्या दुसऱ्या धरणाविरुद्ध ते जाहीरपणे उभे राहिले आणि तो प्रकल्प १९८८ मध्ये बारगळला. पुढे ह्वाय खा खेंग अभयारण्याचे प्रमुख असताना, १ सप्टेंबर १९९० रोजी त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. पुढच्याच वर्षी ते अभयारण्य जागतिक वारसा यादीत आलं. अण्णा हे सगळं ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर वाटाड्याला पुनर्वसनाबद्दल विचारत बसले. जमीन किती दिली, पाणी दिलं का, रबराची झाडं किती वर्षांनी उत्पन्न देतात. दोघांच्या गप्पा जेवणापर्यंत चालल्या.

भावोजी तेव्हा फळ्यांच्या टोकाला हात वर करून मोबाइलची रेंज शोधत होते. तिथे रेंज नसते. कुठल्याही टोकाला नसते.

रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी आकाश स्वच्छ, ऊन पडलेलं. नाश्त्याला वाटाडा आला आणि म्हणाला, आज गुहा नाही. भावोजींनी आधी समजावून सांगितलं, मग आवाज चढवला, मग पैसे भरल्याची पावती दाखवली. तो हसतमुखाने प्रत्येक वेळी तेच सांगत राहिला. मागच्या डोंगराकडे बोट दाखवून म्हणाला, पाऊस तिकडे पडलाय. भावोजी म्हणाले, हे लोक आळशी आहेत, सुट्टी पाहिजे यांना. तेव्हा मी म्हटलं, “भावोजी, तो नाही म्हणतोय ना, मग नाही. तो इथला आहे.”

एवढंच. पण परक्या माणसासमोर धाकट्या भावजयीने थोरल्या दिराला अडवलं, हा माझा गुन्हा. वर्षं झाली, अजून ऐकते आहे: “हिच्यामुळे गुहा राहिली.”

तर आता नीट सांगते. चुनखडीचा डोंगर पाणी मातीसारखं धरून ठेवत नाही. माथ्यावर पडलेला पाऊस भेगांतून थेट आतल्या ओढ्यात उतरतो. त्यामुळे गुहेच्या तोंडाशी लख्ख ऊन असताना आत पाणी चढू शकतं, आणि आत काही जागा इतक्या अरुंद आहेत की चढलेल्या पाण्याला दुसरीकडे जायला वाव नसतो. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये याच नाम तालू गुहेत अचानक पाणी भरून परदेशी पर्यटक आणि त्यांचे स्थानिक वाटाडे बुडाले. पावसाळ्यात म्हणूनच ती बंद ठेवतात. मे महिना म्हणजे पावसाची सुरुवात. त्या माणसाचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता, आणि एका नकारामुळे त्याची त्या दिवसाची कमाई बुडाली, म्हणजे आळस वगैरे सोडाच.

गुहा रद्द झाली, त्यामुळे सगळा दिवस रिकामा मिळाला. या सहलीतला चांगला दिवस तोच. पहाटे गिबन, म्हणजे बिनशेपटीचे वानर, ओरडतात, नर-मादी मिळून, एकाचा आवाज चढत जातो आणि दुसरा मध्येच पकडतो. समोरच्या कड्याआडून येतो असं वाटतं, पण दिसत कुणीच नाही. सासूबाई पाण्यात पाय सोडून बसल्या त्या जेवायलाच उठल्या. धनेश आधी त्यांनी ऐकला, मग आम्ही पाहिला. त्याच्या उडत्या पंखांचा वाफेच्या इंजिनासारखा सूं-सूं आवाज येतो, कारण पंखांच्या मुळाशी हवा अडवणारी पिसं खालून पुरेशी नसतात. पुतण्या लाइफ जॅकेट घालून दिवसभर पाण्यात उड्या मारत होता, त्याला वर काढायला जाऊबाईंना ओरडावं लागत होतं. आणि भावोजी, ज्यांना घरी गोळीशिवाय झोप लागत नाही, ते दुपारी चटईवर आडवे झाले आणि संध्याकाळपर्यंत घोरले. हे ते मान्य करत नाहीत. माझ्याकडे व्हिडिओ आहे.

आता तुमच्या कामाचं. तुमच्या मुलाला कंटाळा येणार नाही. तुम्हाला पहिल्या दुपारी येईल, फोन चालत नाही म्हणून, आणि तो जाईल. एका रात्रीचं पॅकेज मात्र घेऊच नका, अर्धा वेळ गाडी आणि बोटीतच जातो. दोन रात्री बरोबर आहेत.

बुकिंग करताना नीट बघा. ‘खाओ सोक’ नावाने मिळणारी बरीच रिसॉर्ट्स राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी असलेल्या गावात आहेत, आणि तिथून तलावाचा धक्का गाडीने तासाभरावर आहे. तीही जागा चांगली आहे, पण तुम्हाला हवी ती नव्हे. फुकेतहून धक्का तीनेक तास, सुरात थानीच्या विमानतळाहून बराच जवळ.

प्राण्यांच्या आशेवर जाऊ नका. हत्ती, गवे, टॅपिर (आखूड सोंडेचा, डुकरासारखा दिसणारा प्राणी) या जंगलात आहेत, पण वर्षावन दाट असतं आणि समोर उभा असलेला प्राणीही दिसत नाही. सफारीत माकडं, धनेश, मत्स्यगरुड एवढं मिळालं तरी पुष्कळ. दुसरी सफारी पहिलीसारखीच असते, तिचे पैसे वाचवा.

तुम्ही शाकाहारी आहात का ते लिहिलं नाहीत. असाल तर आधीच कळवा आणि फिश सॉस नको हे वेगळं सांगा, कारण नुसत्या भाज्यांतही तो पडतो. काठावरच्या जंगलात चालायला गेलात तर पावसाळ्यात जळवा लागतील. ओढून काढू नका, नखाने तोंडाच्या बाजूने सरकवा. थोडा वेळ रक्त थांबणार नाही, त्यात काही नाही.

हे आधी लिहायला हवं होतं: आई-बाबांचे गुडघे कसे आहेत? साध्या तरंगत्या खोल्यांत गादी जमिनीवर असते, वीज संध्याकाळी काही तास जनरेटरवर, आणि संडास काही ठिकाणी काठावर, म्हणजे रात्री टॉर्च घेऊन हलत्या फळ्यांवरून जायचं. सासूबाईंना माझा हात धरावा लागत होता. जास्त पैशांत खोलीला जोडलेलं बाथरूम आणि पलंग असलेल्या जागाही आहेत. तुमच्या बाबतीत ते पैसे द्या, सफारीवर वाचवलेले इथे घाला. वडिलांना हृदयाचा त्रास वगैरे असेल तर मात्र माझं ‘जरूर जा’ मागे घेते, कारण काही झालं तर आधी तासभर बोट आणि मग गाडी, आणि फोन नाही. शक्य असेल तर मे टाळा, डिसेंबर ते एप्रिल कोरडं असतं.

आणि गुहेचे पैसे आगाऊ भरू नका. आमच्या सहल कंपनीने ते परत केले नाहीत, एवढी एक तक्रार भावोजींची खरी आहे. तिथे पोचल्यावर, सकाळी वाटाड्याला एकदाच विचारा.