पासवर्ड मुलीला परत द्या

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीला भूशास्त्र शिकायचंय, तुम्हाला तिने कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करायला हवंय. मुलीला बारावीत भौतिकशास्त्रात ६१ गुण पडले, हे तुम्ही तीन ठिकाणी लिहिलंय. मला ते खटकलं नाही. खटकलं ते शेवटचं वाक्य: 'प्रवेशाच्या फॉर्मचं लॉगिन माझ्याकडेच आहे, कॉम्प्युटरचे पर्याय भरून टाकलेत, यादी लागली की सांगेन तिला.'

अहो, चार वर्षं वर्गात कोण बसणार आहे? तिला कदाचित कॉम्प्युटर आवडेलही, मग हा लपूनछपून उद्योग कशासाठी? आज संध्याकाळी तिला शेजारी बसवून तो फॉर्म उघडा. मुदत संपली असेल तर निदान केलंत ते कबूल करा. यादी लागल्यावर तिला कळलं, तर ती तुमच्याशी शाखेवरून भांडणार नाही, बोलणंच बंद करेल. अशी घरं मी पाहिली आहेत.

हिमालयातल्या ट्रेकवरून आणलेला अभ्रकी दगड दाखवून तिने विचारलं, 'यातले लाल खडे कधी तयार झाले असतील?' त्यावर तुमचं म्हणणं, कार्बन डेटिंगच्या मशीनमध्ये दगड टाकला की वय कळतं, त्यात शिकायचं काय? त्यात मोजतात त्या कार्बन-१४चं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे तो उपयोगाचा नाही, आणि तोही एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंसाठी. इथे हिशोब कोटींचा आहे. शिवाय रूपांतरित, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने बदललेल्या, खडकाला एकच वय नसतं. खडकातल्या झिरकॉन या खनिजाचा दाणा बनताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही. पुढे सापडणारं शिसं युरेनियमचं हळूहळू रूपांतर होऊन झालेलं, म्हणून ते मोजायचं. पण एकाच दाण्याचा गाभा १०० कोटी वर्षांचा आणि कड जेमतेम अडीच कोटींची निघू शकते. अभ्रकात पोटॅशियमपासून बनणारा आरगॉन वायू खडक साधारण ४०० अंश सेल्सिअसपर्यंत थंड होईस्तोवर निसटत राहतो, म्हणजे ते घड्याळ थंड होण्याची वेळ सांगतं. तुमच्या मुलीने दगडाचं वय विचारलंच नाही, ते लाल खडे, म्हणजे गार्नेट, कधी वाढले ते विचारलं. या क्षेत्रातली माणसं नेमका हाच प्रश्न घेऊन वर्षानुवर्षं बसतात. गार्नेटमधल्या ल्युटेशियम-हाफ्नियम या मूलद्रव्यांच्या जोडीवरून त्याचं उत्तरही काढतात.

वाट सरळ आहे: भूशास्त्रात बीएस्सी, जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, पुढे संशोधनासाठी नेट किंवा गेट परीक्षा, नाहीतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा. पगाराची चिंता समजते, पण 'दगड फोडून पोट भरतं का' हे तिच्या तोंडावर बोलायची गरज नव्हती.

तिलाही एक ऐकवायचंय. डोंगरात तीन आठवडे, आणि मग कित्येक महिने दगड कुटायचा, चाळायचा, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा वेचायचा. त्यानंतर समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची, गुणोत्तरं आणि त्रुटींचं गणित. ते ६१ गुण इथे आडवे येऊ शकतात. त्याबद्दल मी तिच्याशी बोलेन, तुमच्याशी नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, पासवर्ड तिच्या हातात आल्यावर.