विचारा की! : रॉबिनला मारलं म्हणून जोकर भारी झाला का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही ऐरोलीला राहतो. माझा धाकटा भाऊ बॅटमॅनचा डाय हार्ड फॅन आहे आणि त्याचं म्हणणं असं की जोकर हा सगळ्यात भारी व्हिलन, कारण त्यानं रॉबिनला, म्हणजे बॅटमॅनच्या जोडीदार पोराला, मारलं. मी म्हटलं रॉबिन तर अजून आहे की, मग मेला कोण? आणि खरंच मारलं असेल तर बॅटमॅन त्याला सोडतो कशाला? परवा ठाण्याच्या ट्रेनमध्ये यावरून एवढे भांडलो की समोरच्या काकू हसायला लागल्या. तुम्हीच सांगा कोण बरोबर.

उत्तर : अर्धा तो, अर्धी तू. रॉबिन हे नाव एकामागोमाग वेगवेगळ्या पोरांनी घेतलंय, त्यातला मेला तो दुसरा रॉबिन, जेसन टॉड. पहिला डिक ग्रेसन, तो १९४० चा, मोठा होऊन १९८४ मध्ये नाइटविंग नावाचा स्वतंत्र हिरो झाला. जेसन १९८३ मध्ये आला तेव्हा अगदी डिकची झेरॉक्सच होता, तोही सर्कसवाल्यांचाच पोरगा, मग १९८७ मध्ये त्याची स्टोरी नव्याने लिहिली आणि तो झाला बॅटमॅनच्या गाडीची चाकं चोरणारा रस्त्यावरचा पोरगा. मला स्वतःला हाच जेसन आवडतो, पण बऱ्याच वाचकांना तो आगाऊ वाटायचा, डोक्यात जायचा.

मग १९८८ मध्ये बॅटमॅनची कॉमिक्स काढणाऱ्या डीसी कंपनीनं जे केलं ते आजही वाचून विश्वास बसत नाही. जोकर जेसनला इथिओपियातल्या एका गोदामात गाठतो, लोखंडी पहारीनं मारतो, मारतच राहतो, चित्रकार जिम अपारोनं पहार वर जाताना आणि खाली येताना दाखवलीय आणि तेवढंच पुरतं. मग टाइमबॉम्ब. आत जेसन आणि त्याची आई, जिनं त्याला जोकरच्या हाती दिलेलं असतं, आणि तरी हा मार खाल्लेला पोरगा तिलाच बाहेर काढायला बघतो, पण दार बाहेरून बंद. स्फोट. अंक संपला आणि मागे दोन फोन नंबर छापलेले, एक तो जगावा म्हणून, एक मरावा म्हणून, कॉलला ५० सेंट. जगावा म्हणणारे ५,२७१, मरावा म्हणणारे ५,३४३. फरक फक्त ७२ मतांचा! जेसन वाचतो ती पानंसुद्धा काढून तयार होती, ती पुढे २०२३ मध्ये 'रॉबिन लिव्ह्ज' म्हणून छापली. म्हणजे पहार जोकरच्या हातात होती, पण शेवटचा घाव वाचकांनी घातला, हे तुझ्या भावाला जरूर ऐकव.

आता सोडतो कशाला. त्याच गोष्टीत पुढे जोकर इराणचा युनोतला प्रतिनिधी होतो, म्हणजे त्याला डिप्लोमॅटिक संरक्षण, बॅटमॅनला हात लावता येत नाही. हे मला तेव्हाही अन् आताही फालतू वाटतं, एवढ्या जबरदस्त अंकानंतर असलं काहीतरी! शेवटी हेलिकॉप्टर पडतं, जोकरची बॉडी मिळत नाही, विषय तिथेच लटकतो. पण गंमत अशी की या लटकण्यातूनच आजचा जोकर उभा राहिला. त्याच वर्षी 'द किलिंग जोक' या कॉमिकमध्ये त्यानं बार्बरा गॉर्डनला, म्हणजे बॅटगर्लला, गोळी घालून व्हीलचेअरवर बसवलं होतं, लगेच हे, त्यामुळे त्याच्याकडे नुसता विचित्र चाळे करणारा जोकर म्हणून बघणं संपलं. त्यानंतर बॅटमॅन आणि जोकर समोरासमोर आले की मध्ये जेसन असतोच. बॅटमॅनच्या गुहेतल्या अड्ड्यावर काचेच्या कपाटात जेसनचा ड्रेस टांगलेला, बॅटमॅन येता-जाता तो बघणार. १९८९ मध्ये तिसरा रॉबिन, टिम ड्रेक आला (तुझा 'रॉबिन अजून आहे की' त्यातूनच आलाय) तो तर या हट्टानंच आला की जेसन गेल्यापासून बॅटमॅन बेभान झालाय, त्याला आवरायला रॉबिन लागतोच.

आणि तुझा प्रश्न ना, तो कॉमिक्समध्ये खुद्द जेसननंच विचारलाय. २००५ मध्ये लेखक जड विनिकनं त्याला परत आणला, रेड हूड म्हणून. हे नाव मुळात जोकरचंच जुनं, १९५१ च्या गोष्टीतलं, म्हणजे मारणाऱ्याचंच नाव घेऊन पोरगा परत आला, आणि जोकरला त्यानं पहारीनंच बडवलं. बॅटमॅनला तो म्हणतो, तू मला वाचवू शकला नाहीस याचा राग नाही, पण हा अजून जिवंत का? बॅटमॅनचं उत्तर असं की मारणं अवघड नाहीये, उलट फार सोपं आहे, एकदा तिकडे गेलो तर परत येता येणार नाही. मला हे उत्तर पटतं पण जेसनचा प्रश्न जास्त पटतो. तो परत आल्यावर मरणाची धार थोडी गेली हे खरं, काचेच्या कपाटाचं वजन कमी झालं, तरी या एका सीनसाठी मी ते माफ करते. खरं कारण अर्थात धंद्याचं आहे, जोकर विकला जातो, तो कसा मरेल? १९४० मध्ये पहिल्याच अंकात तो मरायचा होता, संपादकानं वाचवला, तेव्हापासून वाचतोच आहे.

प्रश्न : कॅप्टन अमेरिकाचा जोडीदार बकी पण असाच मेला आणि परत आला ना? मग त्याला मारणारा एवढा फेमस का नाही? – एक वाचक, कळवा

उत्तर : हा प्रश्न ऐरोलीच्या भावाला फॉरवर्ड करा! बकी मेल्याचं १९६४ मध्ये सांगितलं, ते पण आठवण म्हणून, मागच्या मागे. दोन अंकांनी कळलं की त्यामागे बॅरन झिमो हा व्हिलन, आणि १९६५ मध्ये झिमो मेलासुद्धा. हिशेब वर्षभरात मिटला, मग आपण त्याला कशाला लक्षात ठेवू? साइडकिक, म्हणजे हिरोचा जोडीदार, मारला की व्हिलन मोठा होतो असं काही नाही, मारून तो समोर फिरत राहिला पाहिजे. बकी २००५ मध्ये विंटर सोल्जर, म्हणजे ब्रेनवॉश करून बनवलेला मारेकरी, होऊन आला, जेसन परतला त्याच वर्षी, पण त्याच्या रागाला समोर झिमो नव्हताच, त्यामुळे त्याची गोष्ट सूडाची न होता पश्चात्तापाची झाली. माझं मत विचाराल तर गोष्ट म्हणून बकीची जास्त नीट बांधलेली आहे. भांडायला मात्र जेसनचीच बरी.