संगणक-शंका : पत्र सर्व्हरवरून निघते, पण पोचत नाही

प्रश्न : आमच्या वाचनालयासाठी भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर आम्ही पोस्टफिक्स (मेल पाठवणारे) आणि डव्हकॉट (मेल पेटीत ठेवून वाचायला देणारे) ही सॉफ्टवेअरे बसवली आहेत. बाहेरून येणाऱ्या मेल व्यवस्थित मिळतात, कार्यालयातल्या कार्यालयात पाठवलेल्याही मिळतात. पण जीमेल वापरणाऱ्या सभासदांना एकही मेल पोचत नाही. एसपीएफची (आमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे सांगणारी) नोंद केली, सर्व्हर पुन्हा सुरू केला, तरी फरक पडला नाही. लॉगमध्ये (सर्व्हरच्या कामाच्या नोंदवहीत) 'डिफर्ड', म्हणजे लांबणीवर टाकले, आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट' असे दिसते. काय करावे?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : लॉगमधली ओळ कळवलीत हे फार बरे केलेत, कारण निम्मी उकल तिच्यातच आहे. 'कनेक्शन टाइम्ड आउट' याचा अर्थ असा की, तुमच्या सर्व्हरने गूगलच्या सर्व्हरकडे 25 क्रमांकाच्या पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकित दारावर) जोडणी मागितली आणि पलीकडून होकार किंवा नकार, काहीच आले नाही. पत्र कोणाचे आहे हे तपासण्यापर्यंत गोष्ट गेलेलीच नाही. त्यामुळे एसपीएफची नोंद बरोबर असो वा चुकीची, या टप्प्यावर तिचा काहीही संबंध येत नाही.

बाहेरून मेल येतात त्याअर्थी पोर्ट उघडे आहे, असा समज सहज होतो. परंतु आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना वेगवेगळे नियम लागू असतात. कार्यालयातल्या मेल तर सर्व्हरच्या बाहेर पडतच नाहीत, म्हणून त्यांच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. स्पॅमला आळा घालण्यासाठी अनेक क्लाउड कंपन्या बाहेर जाणारे 25 क्रमांकाचे पोर्ट मुळातच बंद ठेवतात. अमेझॉनच्या ईसी2 सेवेवर ते अर्ज करून उघडून घ्यावे लागते, गूगल क्लाउडवरही ते मुळात बंदच असते. खात्री करायची असेल तर सर्व्हरवरूनच टेलनेट ही आज्ञा वापरून जीमेलच्या एमएक्स (मेल स्वीकारणाऱ्या) सर्व्हरच्या पोर्ट 25 ला जोडून पाहावे. '220' ने सुरू होणारी ओळ आली तर रस्ता मोकळा आहे. पडदा कोराच राहिला आणि तुमच्या स्वतःच्या फायरवॉलमध्येही अडसर नसला, तर सेवादात्याला लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

इथे अनेक जण 25 च्या जागी 587 लिहून पाहतात आणि वेळ दवडतात. 587 हे पोर्ट वापरकर्त्याने पासवर्ड देऊन आपल्याच सर्व्हरकडे पत्र सोपवण्यासाठी असते. दोन अनोळखी सर्व्हरांमधली देवघेव 25 वरूनच चालते. सेवादाता पोर्ट उघडायला तयार नसेल, तर एखाद्या रिले सेवेचे (आपली पत्रे आपल्या वतीने पुढे पोचवणाऱ्या सेवेचे) खाते घेऊन पोस्टफिक्सच्या 'रिलेहोस्ट' या सेटिंगमध्ये तिचा पत्ता आणि 587 हा क्रमांक द्यावा, आणि त्या सेवेचा उल्लेख एसपीएफमध्येही करावा. हा उल्लेख करताना जुन्या नोंदीशेजारी दुसरी नोंद करू नये, आहे तीच वाढवावी. एकाच डोमेनसाठी एसपीएफच्या दोन नोंदी असल्या की तपासणी दोन्ही नाकारते.

पोर्ट उघडण्याआधी एक काम अवश्य करा. रांगेत अडकलेल्या मेल 'मेलक्यू' या आज्ञेने पाहून घ्या. पोस्टफिक्स त्या सुमारे पाच दिवस सांभाळतो आणि अधूनमधून पुन्हा पाठवून पाहतो. रस्ता मोकळा होताच त्या सगळ्या एकदम सुटतील, आणि झालेल्या सभेची सूचना सभा संपल्यावर सभासदांच्या हाती पडेल. निरुपयोगी झालेल्या मेल 'पोस्टसुपर' वापरून काढून टाकाव्यात.

यानंतर बहुधा दुसरा अडथळा येईल. लॉगमध्ये 'डिफर्ड' ऐवजी 'बाउन्स्ड' आणि 550 हा आकडा दिसेल. ही एका अर्थी प्रगतीच समजा, कारण आता पलीकडचा सर्व्हर निदान बोलतो आहे आणि नकाराचे कारणही सांगतो आहे. (450 किंवा 451 आले तर घाई करू नये, तो तात्पुरता नकार असतो आणि थोड्या वेळाने पत्र आपोआप जाते.) फेब्रुवारी 2024 पासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही) यांपैकी एक तरी असावे लागते, आणि सर्व्हरच्या आयपी पत्त्याची पीटीआर नोंदही (आयपीवरून सर्व्हरचे नाव सांगणारी) असावी लागते. पीटीआर नोंद डोमेन जिथे विकत घेतले तिथे होत नाही, ती आयपी देणाऱ्या कंपनीच्या पॅनेलमध्ये करावी लागते. तिच्यातले नाव पुन्हा त्याच आयपीकडे वळले पाहिजे, आणि पोस्टफिक्सच्या 'मायहोस्टनेम' मध्येही तेच नाव असावे.

आयपीव्ही6 (आयपी पत्त्याचा नवा प्रकार, जुना तो आयपीव्ही4) मुळे जी फसगत होते, ती मात्र लवकर ध्यानात येत नाही. सर्व्हरला दोन्ही प्रकारचे पत्ते असतात, पीटीआर फक्त आयपीव्ही4 ची केलेली असते, आणि पोस्टफिक्स कधी या तर कधी त्या पत्त्यावरून बोलतो. परिणामी काही मेल पोचतात, काही परत येतात, आणि दोष कुठे आहे हे कळेनासे होते. एकतर दोन्ही पत्त्यांना पीटीआर द्यावी, नाहीतर 'आयनेट-प्रोटोकॉल्स' हे सेटिंग आयपीव्ही4 पुरते मर्यादित ठेवावे. डीकेआयएमबाबत इतकेच सांगतो की, सही तपासण्याची 2048 बिटांची किल्ली डीएनएसच्या (डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) 255 अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही. काही पॅनेले ती आपोआप तोडतात, काही तोडत नाहीत, आणि मग किल्ली अर्धवट राहते. जीमेलमध्ये आलेली चाचणी-मेल उघडून तिचे मूळ स्वरूप पाहिले, की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (या दोन्हींवर आधारलेली पाठवणाऱ्याच्या डोमेनची तपासणी) यांच्यापुढे 'पास' आहे की नाही, ते वरच्याच तक्त्यात दिसते.

प्रश्न : घरच्या ब्रॉडबँडवर जुन्या लॅपटॉपचा मेल सर्व्हर केला आहे. माझी मेल स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीचे कारण देऊन परत येते. मी कधीही स्पॅम पाठवलेले नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्यावर कोणी आरोप केलेला नाही. ज्या आयपी पट्ट्यांमधून थेट मेल निघणे अपेक्षित नाही, उदाहरणार्थ घरगुती जोडण्यांचे बदलते पत्ते, त्यांची ती यादी आहे. नाव काढून घेण्याच्या खटपटीत पडू नका. पत्ता बदलला की पुन्हा तेच होईल. जाणाऱ्या मेल वर सांगितलेल्या रिलेमार्गे पाठवा, किंवा कंपनीकडून स्थिर आयपी घ्या आणि त्याची पीटीआर करून मिळेल का ते पैसे भरण्यापूर्वीच विचारा.