सोयाबीनचा बेवड आणि पिवळी ज्वारी

प्रश्न : काका, आमची काळी जमीन. दर खरिपात सोयाबीन, मागून ज्वारी. द्विदल पिकानं जमिनीला नत्र मिळतं असं ऐकत आलोय, पण आमची ज्वारी दरसाल पिवळी पडते. मुळावरच्या गाठींचं सगळं खोटंच का?
– एक शेतकरी, जि. लातूर

उत्तर : गाठी खऱ्या आहेत, दादा. फक्त त्यांनी कमावलेलं तुम्ही आडतीवर घालून येता. सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, आणि प्रथिनाचा साधारण सहावा हिस्सा नत्र. दहा क्विंटल माल गेला की साठेक किलो नत्र गेलं, म्हणजे युरियाच्या ४५ किलोवाल्या जवळपास तीन गोण्या. पिकाला लागणाऱ्या नत्रापैकी निम्म्याच्या थोडं वर-खाली गाठी हवेतून ओढतात. उरलेलं जमिनीच्या खिशातून. गळालेला पाला रानात राहतो तेवढा जमेला धरा. पण खळ्यावरचं भुसकट पेटवलंत की तेही गेलं. (दर दिवाळीच्या आगेमागे रस्त्याकडेला हे ढीग जळताना बघतो आणि जीव चडफडतो.)

मुगाचा बेवड (म्हणजे आधीचं पीक पुढच्यासाठी रानात जे मागे ठेवतं ते) जुनी माणसं वाखाणायची ते उगीच नाही. मूग साठ-सत्तर दिवसांत निघतो, एकरी तीन-चार क्विंटलच दाणा नेतो, आणि शेंगा तोडल्यावर हिरवा वेल रानातच गाडता येतो. शिवाय ज्वारीच्या पेरणीपर्यंत तो कुजायला वेळ मिळतो. सगळं रान नको, एक तुकडा यंदा मुगाला द्या आणि त्यावरची ज्वारी शेजारच्या ज्वारीशी ताडून बघा. एखादं रान पारच थकलं असेल तर तिथं ताग पेरून फुलं दिसू लागताच गाडा. त्याचे पैसे येत नाहीत, हे मलाही कळतं.

आता गाठी काम करतात का, ते बघा. पेरणीनंतर चाळीसेक दिवसांनी चार-पाच ठिकाणची झाडं खुरप्यानं मातीसकट काढा. उपटलंत तर गाठी तुटून खालीच राहतात. मुळं धुवून गाठ नखानं चिरा. आत गुलाबी-लाल निघाली तर काम चालू. पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती नुसतीच बसून खाते. असं बऱ्याच झाडांवर दिसलं तर बियाण्याला गाठी धरवणारे जिवाणू लावले होते का, आणि उभ्या पिकात युरिया फेकला होता का, ते आठवा. आयतं नत्र मिळालं की झाड गाठी धरायचा आळस करतं.

ज्वारीचंही नीट निरखा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्राची ओढ. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर ती बहुधा लोहाची कमतरता; चुनखडीच्या रानात हे फार. तिथं मूग पेरून काही होणार नाही, माती तपासून घ्या.

आणि हरभऱ्याचं उरलेलं जिवाणूंचं पाकीट सोयाबीनला लावू नका. दोघांचे जिवाणू वेगळे.